शिंपी: एका कामाच्या नावाची गोष्ट



आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. गेल्या काही वर्षांत माझ्या हाताखालून असे बरेच कागद गेले, कारण नात्यातल्या मुलामुलींची स्थळं जुळवण्याचं काम माझ्याकडे आपोआप आलं आहे. त्या रकान्यात 'कापड व्यापार' असतं, 'रेडिमेड गारमेंट' असतं, 'टेलरिंग शॉप' असतं, अलीकडे 'बुटिक' आणि 'फॅशन डिझायनर' असतं. 'शिंपी' मात्र एकदाही वाचलेलं नाही. ज्या घरात तीन पिढ्या मशीन चालली, त्या घरानेही तो शब्द लिहिलेला नाही.

आणि आपण राहतो कुठे? हिंगोली जिल्ह्यात. इथून जवळच, कयाधू नदीच्या काठी नरसी नामदेव आहे. एका शिंप्याच्या मुलाच्या नावाने गाव ओळखलं जातं. आषाढी करून पंढरपूरहून परतणारे वारकरी आषाढ वद्य एकादशीला 'परतवारी' म्हणून नरसीला येतात. पंजाबातून शीख भाविक येतात. एवढं सगळं ज्या शिंप्याच्या पोरापायी होतं, त्याच्या कामाचं नाव लिहायला आपल्याला संकोच का वाटावा, असा विचार मनात आला आणि मी त्या शब्दाच्या मागे लागले. जे हाती आलं ते आज लिहिते. लेख थोडा मोठा झाला आहे, दुपारी निवांत वाचा.

नामदेवांचं घर

नरसीचं जुनं नाव नरसी बामणी. परंपरा सांगते की नामदेव महाराजांचा जन्म शके ११९२ म्हणजे इ.स. १२७० चा आणि समाधी १३५० ची. जन्म नरसीचा की पंढरपूरचा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण घराण्याचं मूळ गाव म्हणून नरसीचंच नाव घेतात. तो काळ देवगिरीच्या यादवांचा. वडिलांचं नाव दामाशेटी, आईचं गोणाई, पत्नी राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा ही मुलं. जनाबाई याच घरातली.

इथे वडिलांच्या नावाकडे जरा थांबून पाहा. दामाशेटी. 'शेटी', 'शेट', 'शेठ' हे सगळे शब्द संस्कृत 'श्रेष्ठी'पासून आले. श्रेष्ठी म्हणजे व्यापाऱ्यांतला मान्यवर माणूस. आपल्या पुराणकथांत तर पानापानावर श्रेष्ठी भेटतात, सुदर्शन सेठांची कथा आपण शीलाचं उदाहरण म्हणून मुलींना सांगतोच. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी शिंप्याच्या नावापुढे शेटी लागत होतं आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नव्हती. शिंपी कापड आणायचा, विकायचा, बेतायचा आणि शिवायचा. दुकान आणि सुई अशा दोन वेगळ्या इभ्रती तेव्हा झालेल्या नव्हत्या. आज आपण बायोडेटात 'कापड व्यापार' लिहितो तेव्हा या जुन्या जोडीतला अर्धा भाग ठेवतो आणि अर्धा झाकतो.

आणखी एक गोष्ट लक्षात येते. आपण गोरा कुंभार म्हणतो, सावता माळी म्हणतो, नरहरी सोनार, सेना न्हावी म्हणतो. कामाचं नाव संतांच्या नावाला असं चिकटलं आहे की वेगळं करता येत नाही. या सगळ्यांनी आपलं काम सोडून देव शोधला नाही, कामातच शोधला. नामदेवांच्या नावावर असलेल्या अभंगांतही आपला जन्म शिंप्याच्या कुळातला असल्याचं स्पष्ट सांगितलेलं आहे. त्यात लपवाछपवी नाही.

शब्द आला कुठून

आपल्याला सहज वाटतं, शिवतो तो शिंपी. पण 'शिवणे' हा शब्द संस्कृत 'सिव्' या धातूचा. 'शिंपी'चं मूळ वेगळं सांगतात. व्युत्पत्ती पाहणारे तो संस्कृत 'शिल्पिन्' आणि प्राकृत 'सिप्पि' या शब्दांशी जोडतात. शिल्पी म्हणजे हाताने कसबाचं काम करणारा, कारागीर. मूर्ती घडवणाराही शिल्पी आणि कापड बेतणाराही शिल्पी. पुढे मराठीत एका वाटेने 'शिल्पकार' हा मानाचा शब्द राहिला आणि दुसऱ्या वाटेने 'शिंपी' हा घरगुती शब्द झाला. एकाच आजीच्या दोन नाती म्हणा. एक शहरात गेली, तिची पुस्तकात चर्चा झाली. दुसरी गावात राहिली, तिच्याकडे सगळ्यांचं काम पडलं, पण नाव कुणी घेतलं नाही.

शिवणाऱ्यासाठी संस्कृतात खास शब्द होते. अमरकोशात 'तुन्नवाय' आणि 'सौचिक' असे दोन दिले आहेत. सौचिक म्हणजे सूचीचं, सुईचं काम करणारा. तुन्नवाय म्हणजे फाटलेलं जोडणारा, आपण ज्याला रफू म्हणतो ते करणारा. 'दर्जी' हा शब्द फारसीतून आला, 'दर्ज' म्हणजे शिवण, कापडाचा सांधा. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, कचेरीची भाषा उर्दू होती, त्यामुळे जुनी माणसं शिंपी आणि दर्जी हे दोन्ही शब्द सारखेच वापरतात. हिंगोलीला तर १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणी म्हटली की गणवेश आले, आणि इंग्रजांबरोबर 'टेलर' हा शब्द आला.

'शिवलेले कपडे आपल्याकडे सुलतानांबरोबर आले, त्याआधी सगळे नुसती वस्त्रं गुंडाळत' असं पुष्कळदा ऐकायला मिळतं. अंगरख्याच्या नव्या तऱ्हा बाहेरून आल्या हे खरं. पण सुईचं काम करणाऱ्याला अमरकोशात दोन दोन नावं असतील, तर तो माणूस इथे आधीपासून होता हे उघड आहे. आणि त्याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्याच आगमांत आहे.

आपल्या शास्त्रांत शिंपी

श्वेतांबर परंपरेत 'प्रज्ञापना' म्हणजे 'पन्नवणा' नावाचा आगम आहे, तो आर्य श्यामांचा मानतात. आपण दिगंबर त्याला प्रमाण मानत नाही, पण जुन्या भाषेचा आणि समाजाचा साक्षीदार म्हणून तो कुणीही वाचावा असा आहे. त्यात आर्य कोण कोण, याचे प्रकार सांगितले आहेत. क्षेत्राने आर्य, कुळाने आर्य, भाषेने आर्य, आणि त्याच यादीत 'कर्मार्य' आणि 'शिल्पार्य'. म्हणजे माणूस कामानेही आर्य असतो.

कर्मार्यांमध्ये 'दोस्सिय' येतो, कापड विकणारा. आपल्यातलं 'दोशी' हे आडनाव इथलंच. 'सोत्तिय' म्हणजे सूत विकणारा. 'कप्पासिय' म्हणजे कापूस विकणारा. आणि शिल्पार्यांच्या यादीत अगदी सुरुवातीलाच 'तुण्णाग' आहे. तुण्णाग म्हणजे संस्कृतातला तोच तुन्नवाय, आपला शिंपी. त्याच्या पाठोपाठ 'तंतुवाय', विणकर. म्हणजे कापूस, सूत, विणणं, विकणं, शिवणं ही सगळी साखळी एका प्रकरणात आणि सगळे आर्य.

हे वाचताना मला मनुस्मृती आठवली. तिच्या चौथ्या अध्यायात कुणाचं अन्न घेऊ नये याची यादी आहे. चहाडी करणारा, खोटं बोलणारा, कृतघ्न अशा माणसांच्या ओळीत तिथे तुन्नवायही बसवला आहे. एकाच देशात, एकाच कामाच्या माणसाबद्दल एक ग्रंथ म्हणतो त्याच्या घरी जेवू नका, आणि दुसरा म्हणतो तो आपल्या हातांमुळे आर्य आहे. 

आपल्या दिगंबर परंपरेतही हा धागा आहेच. भगवान आदिनाथांनी कर्मभूमीच्या आरंभी लोकांना जगण्यासाठी सहा कर्मं शिकवली, हे आपल्याला पाठशाळेत पाठ करायला लावलं होतं: असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य, शिल्प. कल्पवृक्ष संपले, माणसं घाबरली, तेव्हा ऋषभदेवांनी त्यांना काम दिलं. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात हे विस्ताराने लिहिलं, आणि शिल्पाचा अर्थ हाताचं कौशल्य असा सांगितला. त्याआधी अकलंकदेवांनी तत्त्वार्थसूत्रावरच्या राजवार्तिकात आर्यांचे प्रकार सांगताना शिल्पकर्म करणाऱ्यांना कर्मार्यांत धरलं आहे, त्यांच्या उदाहरणांत परीट, न्हावी, लोहार, कुंभार आणि सोनार आहेत.

म्हणजे आपण पंचकल्याणकात राज्याभिषेकाचा प्रसंग पाहतो, षट्कर्मांचा उपदेश ऐकतो, टाळ्या वाजवतो, तेव्हा सहावं कर्म 'शिल्प' असतं. आणि 'शिंपी' हा शब्द त्या 'शिल्पा'चाच मराठी वारस आहे. स्वतः तीर्थंकरांनी शिकवलेल्या कामाचं नाव आपल्याला बायोडेटात हलकं वाटतं, याहून उलटी गोष्ट कोणती?

पण सगळं गोड गोड सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. त्याच आदिपुराणात शूद्रांची 'कारु' आणि 'अकारु' अशी विभागणी आहे, आणि स्पृश्य-अस्पृश्य असा भेदही आहे. ज्या काळात ग्रंथ लिहिला त्या काळाच्या समाजाची सावली त्यावर पडली. आपल्या समाजानेही पुढे उच्चनीच मानलं, पंक्ती वेगळ्या केल्या, रोटीबेटी ठरवून ठेवली. ग्रंथांत दोन्ही आहे. कोणतं उचलायचं ते आपल्या हातात आहे.

श्रावकाने कोणतं काम करू नये, याचीही यादी आहे. पंधरा कर्मादान किंवा खरकर्मं म्हणतात ती. तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात त्यांची चर्चा केली आहे. जंगल तोडणं, कोळसे पाडणं, हस्तिदंत, लाख, विष यांचा व्यापार, तळी आटवणं, रानाला आग लावणं अशी ती कामं. का वर्ज्य? कारण त्यात जिवांची हानी मोठी. या यादीत कसोटी हिंसेची आहे, प्रतिष्ठेची नाही. सुई-दोऱ्याचं काम तिथे नाही. मोठा पैसा देणारे कितीतरी आजचे धंदे त्या कसोटीवर अडकतील, आणि ब्लाउज शिवणारी बाई सहज पार होईल.

सैतवाळ आणि 'जैन शिंपी'

आता आपल्या घरची गोष्ट. मराठवाडा-विदर्भात आपण सैतवाळ मोठ्या संख्येने आहोत. शिरड शहापूरच्या मल्लिनाथांना, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांना जाताना आपलीच माणसं भेटतात. शेती, किराणा, कापड आणि शिवणकाम ही आपली जुनी कामं. जैन समाजाचा अभ्यास करणाऱ्या विलास संगवे यांच्यासारख्या अभ्यासकांनीही सैतवाळांच्या कामांत कापड आणि शिवण नोंदवलं आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत शिंप्यांच्या पोटभेदांत 'जैन शिंपी' वेगळे दाखवलेले आढळतात, आणि शासनाच्या इतर मागासवर्गाच्या यादीत 'शिंपी' या नोंदीखाली नामदेव शिंपी, जैन शिंपी, सैतवाळ अशी नावं शेजारी शेजारी बसलेली आहेत. आपले कासार बांधवही असेच, काम बांगड्यांचं आणि भांड्यांचं, धर्म जैन.

हे वाचून काहींना राग येतो हे मला माहीत आहे. 'आम्ही शिंपी नाही, आम्ही सैतवाळ' असं म्हणणारे घरात वडीलधारे आहेत. त्यांचं म्हणणंही समजून घ्यायला हवं. गॅझेटियर लिहिणाऱ्याला प्रत्येक माणूस एका खणात बसवायचा होता. ज्याच्या घरात मशीन दिसली तो शिंपी, ज्याच्या दारात बैल दिसला तो कुणबी. एका घरातला एक भाऊ शेती करतो, दुसरा दुकान, तिसरा शिवण, तर त्या घराची जात काय लिहायची? सैतवाळ हे नाव आपल्या समाजाचं आहे, शिंपी हे कामाचं. दोन्ही एकाच माणसाचे असू शकतात आणि दोन्ही वेगळेही असू शकतात. गोंधळ होतो तो कामाच्या नावाला जातीचं नाव केल्यामुळे. पण त्या गोंधळाचं उत्तर म्हणून कामालाच कमी लेखणं हे काही बरोबर नाही.

गावगाड्यातही शिंप्याची जागा अशीच अधलीमधली होती. बारा बलुतेदारांत तो येत नाही. अठरा अलुतेदारांच्या काही याद्यांत येतो. मला त्याचं कारण असं वाटतं: शेतकऱ्याला नांगर रोज लागतो, म्हणून सुतार-लोहाराला सुगीला धान्याचा वाटा ठरलेला. पण धोतर, उपरणं, लुगडं यांना शिवण लागत नाही. शिंपी लागायचा तो चोळीला, बंडीला, कोपरीला, बाळाच्या कुंचीला. म्हणजे सणावाराला, लग्नकार्याला. त्यामुळे तो बलुत्यावर कमी आणि रोख व्यवहारावर जास्त जगला, बाजारचा माणूस झाला. दामाशेटींचं 'शेटी' तिथून येत असावं.

पंजाबात गेल्यावर

शब्द माणसाबरोबर प्रवास करतो आणि प्रवासात कपडे बदलतो. नामदेव उत्तरेत गेले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं मोठं स्थान आहे. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात, ज्याचं पहिलं संकलन १६०४ मध्ये झालं, नामदेवांची ६१ पदं आहेत. तिथे त्यांच्या जन्माच्या कुळासाठी 'छीपा' हा शब्द येतो. छीपा म्हणजे कापडावर ठसे उमटवणारा, छापणारा, रंगवणारा. गुजरात-राजस्थानात आजही छीपा त्याच कामाचे. आपल्याकडे ते काम रंगाऱ्याचं. म्हणजे मराठीतला शिंपी पंजाबात छापणारा झाला. तिकडे शिवणारे आणि छापणारे दोघेही नामदेवांना आपले मानू लागले. त्यांतल्या एका पदात गज आणि कातर ही शिंप्याची हत्यारंच नामस्मरणाची साधनं झाली आहेत. मोजायचं आणि कापायचं, कापड नव्हे तर यमाचा फास. ज्याच्या हातात खरोखर कातर होती त्यालाच हे सुचावं.

शिंपीण कोण?

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्या गोष्टीकडे येते. मराठीत 'शिंपीण' म्हणजे कोण? शिंप्याची बायको. जशी कुंभारीण म्हणजे कुंभाराची बायको, सोनारीण म्हणजे सोनाराची. स्वतः शिवते म्हणून शिंपीण, असा अर्थ आपल्या मनात आधी येत नाही. शिवणारी बाई असेल तर आपण म्हणतो 'ती शिवणकाम करते', 'ती ब्लाउज शिवून देते'. पुरुष शिवतो तेव्हा त्याचं ते नाव होतं, बाई शिवते तेव्हा ती फक्त एक क्रिया राहते. पुरुषाला तर नुसतं टेलरही म्हणत नाहीत, 'टेलर मास्तर' म्हणतात. टेलर बाईला मास्तरीण कुणी म्हटलेलं ऐकलं आहे?

नामदेव गाथेत गोणाई आणि राजाई यांची तक्रार येते. हा विठ्ठलाच्या नादी लागला, घराकडे, कामाकडे बघत नाही, पोरांनी खायचं काय. भक्त मंडळी ते अभंग वाचून हसतात, की बायकांना भक्ती कळत नाही. मला हसू येत नाही. मुलगा सुई ठेवून कीर्तनात उभा राहिला तेव्हा ते घर चाललं कसं? कुणीतरी पीठ आणलं, कुणीतरी तेल आणलं. त्या घरातल्या बायकांचे हात रिकामे नसणार एवढं कोणत्याही गृहिणीला कळतं. पण 'शिंपी' या शब्दात त्यांना जागा नाही.

माझ्या सासूबाईंनी तीस-पस्तीस वर्षं मशीन चालवली. पायाची काळी मशीन. अमेरिकेत आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, आणि १९३० च्या दशकापासून आपल्याकडे उषाची मशीन बनू लागली. घराघरात मशीन आली ती पुढे, बरीचशी लग्नातल्या आंदणात. बाजारातला शिंप्याचा ओटा मशीनने माजघरात आणला आणि सुई बाईच्या हाती दिली. सासूबाई झबली, टोपडी, परकर, कटोरी ब्लाउज शिवायच्या. काज हाताने करायच्या, उरलेल्या चिंध्यांची गोधडी करायच्या. संध्याकाळी सामायिकाच्या वेळेला मशीन बंद म्हणजे बंद. मंदिरातलं चंदव्याचं कापड, ग्रंथांची वेष्टनं, महावीर जयंतीच्या पाळण्याची झालर हे सगळं त्यांच्याच हातचं. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, आणि ते योग्यच होतं. पण गिऱ्हाईक बायकाही हातात काहीतरी ठेवून म्हणायच्या, 'काकू, चहापाण्याला घ्या.' बाजारातल्या शिंप्याला कुणी शिलाई चहापाण्याला देत नाही, त्याचा दर लावलेला असतो. दोन नणंदांची लग्नं, एका दिरांचं शिक्षण त्या चहापाण्यात झालं. मतदार यादीत, शिधापत्रिकेवर, सगळीकडे मात्र त्या 'गृहिणी' किंवा 'घरकाम'.

हा फक्त मानापमानाचा प्रश्न आहे असं समजू नका, पदरात काय पडतं त्याचाही प्रश्न आहे. जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' गणली जाते, पण घरात बसून पैशासाठी शिवणारी 'घरगुती उद्योग' या गटात येऊ शकते. कुठला गट लागेल ते दारात आलेल्या माणसाला आपण काय उत्तर देतो त्यावर ठरतं. 'काही नाही, घरीच असते' म्हटलं की संपलं. १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिदिनीच, केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. हातांनी आणि हत्यारांनी काम करणाऱ्या १८ कारागिरांसाठी ती आहे आणि त्यात शिंपीही आहे. प्रशिक्षण आहे, साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे, कमी व्याजाचं कर्ज आहे. कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. त्या अर्जात 'बुटिक' हा प्रकार नाही आणि 'गृहिणी' हाही नाही. तिथे शिंपी म्हणूनच नाव लावावं लागतं.

माझ्या ओळखीतली एक वहिनी, नवरा गेल्यानंतर शिवणावरच दोन मुलं वाढवणारी, एका कचेरीत कर्जाची चौकशी करायला गेली. तिला विचारलं, धंदा काय? ती म्हणाली, धंदा असा काही नाही, ब्लाउज शिवते. टेबलापलीकडच्या माणसाने 'गृहिणी' लिहिलं आणि कागद बाजूला ठेवला. वीस वर्षं रोज आठ तास काम करणाऱ्या बाईच्या तोंडून 'धंदा असा काही नाही' हे वाक्य का निघालं? कारण आपण तिला कधी दुसरा शब्द दिलाच नाही. 'धंदा' हा शब्दही बाईने स्वतःबद्दल उच्चारायची चोरी. पुरुषाने 'माझा धंदा आहे' म्हटलं की तो कर्ता, बाईने म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर नको ते हसू. 'व्यवसाय' म्हणावं तर तो दुकानाची पाटी असलेल्यांचा. मग उरतं काय, 'काही नाही'.

मैत्रिणींनो, नावं बदलून मान मिळतो असं मला वाटत नाही. शिंप्याचा दर्जी झाला, दर्जीचा टेलर, टेलरचा डिझायनर. प्रत्येक नवा शब्द काही वर्षं चमकतो आणि मग त्यावरही तीच धूळ बसते, कारण धूळ शब्दात नसते, हाताच्या कामाकडे बघण्याच्या आपल्या नजरेत असते. सहा कर्मांत भगवंतांनी वाणिज्य आणि शिल्प दोन्ही सांगितली, एकाला वरच्या आणि एकाला खालच्या पायरीवर बसवायला सांगितलं नव्हतं. आपण गादीवर बसणाऱ्याला शेठ म्हटलं आणि मशीनवर बसणारीला 'घरीच असते' म्हटलं.

म्हणून माझी एक साधी विनंती आहे. तुमच्यापैकी जी कुणी शिवते, पिको-फॉल करते, गोधड्या करते, लहान मुलांचे कपडे करते आणि त्याचे पैसे घेते, तिने पुढच्या वेळी कुठल्याही कागदावर 'व्यवसाय' या रकान्यात 'शिवणकाम' किंवा सरळ 'शिंपी' लिहावं. शिलाईचा दर ठरवून तो मशीनजवळ भिंतीला लावावा. घरात जी आजी, सासू, आत्या आयुष्यभर शिवत आली असेल, तिच्याबद्दल मुलांना सांगताना 'आजीला शिवणाची आवड होती' असं सांगू नका. 'आजी शिंपी होती, तिच्या कमाईवर अमुक झालं' असं सांगा. आवड आणि कमाई यांत फरक आहे आणि तो मुलींना लवकर कळावा.

तुमच्या घरी शिवणातले जुने शब्द कोणते चालायचे, टीप, धावदोरा, काज, अस्तर यांपलीकडचे काही, ते मला नक्की लिहून कळवा. मोठ्या बायांना विचारा, त्या आहेत तोवर विचारा. पुढचा लेख बांगडी आणि कासार यांच्यावर लिहायचा विचार आहे.

जय जिनेंद्र.